लिंबोणीला पाणी घालू नये

आष्टीच्या या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. पाऊसकाळ बरा झाला तर सहाव्या, आणि पाणीपुरवठ्याची मोटर जळाली तर अकराव्या. अशा गावात एखादं झाड कोरडं ठेवायचं असेल तर वेगळं काही करावं लागत नाही, असं कोणालाही वाटेल. साखराबाईंनाही तसंच वाटलं होतं. पाणी मिळावं म्हणून त्यांनी आयुष्यात जेवढी भांडणं केली नसतील, तेवढी मागच्या हिवाळ्यात पाणी नको म्हणून केली.

साखराबाई पासष्टीच्या. कड्याच्या बाजूला फळांची एक रोपवाटिका आहे, तिथे अठ्ठावीस वर्षं त्यांनी मोसंबीला डोळे भरून कलमं केली, डाळिंबाच्या काड्या लावल्या आणि साहेब शिकवले. साहेब पदवी घेऊन यायचे, तीन वर्षांनी बदलून जायचे. नवा आला की साखराबाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या. स्वतःचं शिक्षण चौथी. पण असे नऊ साहेब त्यांनी हाताखालून काढले आणि त्यातले दोनच वाया गेले, असा त्यांचा हिशेब आहे. कामाच्या शेवटच्या दिवशी साडी आणि नारळ मिळाला. साखराबाईंनी साडी सुनेला दिली, आणि निघताना वाफ्यातलं कागदी लिंबाचं एक रोप मागून घेतलं. ते मांडीवर घेऊन त्या जीपमधून आल्या आणि अंगणात भिंतीच्या कडेला लावलं.

त्याला सात वर्षं झाली. लिंबोणी पत्र्याच्या वर गेली. पाला असा काळाभोर आणि दाट की खाली उन्हाचा कवडसा पडू नये. काटे बोटभर. लिंबू मात्र एक नाही. फूलही नाही.

कारण साखराबाईंना ठाऊक होतं. गल्लीत एक रीत आहे. सकाळपर्यंत जे पाणी पोरांना आंघोळीसाठी तांब्यानं मोजून मिळत असतं, ते नळाचा पहिला सुस्कारा ऐकू आला की त्याच क्षणी शिळं होतं. ताजं भरायचं तर टिपाड रिकामं करावं लागतं. आठ दिवस जपलेलं पाणी रस्त्यावर ओतणं हे पाप. मग ते जवळच्या झाडाला जातं, आणि गल्लीतलं जवळचं झाड म्हणजे साखराबाईंची लिंबोणी. भिंतीवरून बादल्या येतात, फाटकातून येतात. त्यात उज्ज्वला या त्यांच्या सुनेच्या मोरीचं पाणीही एका पाइपातून थेट बुंध्याशी. लिंबोणी राहिली मराठवाड्यात आणि वाढली कोकणात. अशा झाडाला फळ धरायची गरजच काय?

“माजलीय ती,” साखराबाई म्हणायच्या. “खाऊनपिऊन माजलीय.”

तरी हे असंच चाललं असतं. पण दिवाळीत लखननं, म्हणजे त्यांच्या मुलानं, जुनी मोटार घेतली. लखन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मोटार गल्लीत उभी राहू लागली आणि शेजारच्या ज्ञानोबांच्या दोन शेळ्यांना तिचं बॉनेट फार आवडलं. सकाळी ऊन तिथंच आधी येतं. लखननं मोटारीवर घालायला प्लास्टिकचं झाकण आणलं. शेळ्या झाकणावर बसू लागल्या. अखेर त्यानं ठरवलं की अंगणात कोबा करायचा, मोटार आत घ्यायची, आणि त्यासाठी लिंबोणी काढायची.

“माय, सात वर्षं झाली. सावली सोडून काय दिलं तिनं?”

“तुला बी मी सात वर्षांचा असताना शाळेतून काढायला पायजे होतं. काय देत होतास?”

लखन शिक्षक असल्यामुळे त्याला हा मुद्दा पटला नाही, पण खोडताही आला नाही. शेवटी तोड निघाली. गवंडी फेब्रुवारीच्या मध्याला येणार होता. तोवर झाडावर फूल दिसलं तर झाड राहील. नाही दिसलं तर साखराबाईंनी शब्द काढायचा नाही.

साखराबाईंनी मान्य केलं, कारण त्यांना उपाय माहीत होता. मोसंबीच्या बागांत बहर धरणारे लोक हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. महिनाभर पाणी मिळालं नाही की झाड घाबरतं, पानं वळतात, पिवळी पडून गळतात. मग जानेवारीत बेतानं पाणी दिलं की पाल्याच्या आधी फूल येतं. मरायच्या आत बी टाकून जावं, एवढी अक्कल झाडाला असते. साहेबांना हे समजायला एक हंगाम लागायचा. गल्लीला किती लागेल याचा अंदाज साखराबाईंनी केला नाही, हीच चूक.

सहा डिसेंबरचा विहारातला कार्यक्रम झाला आणि सात तारखेपासून पाणी बंद. साखराबाईंनी बुंध्याभोवतीचं आळं मोडलं, खुरप्यानं माती हलकी केली, मोरीचा पाइप फिरवून गल्लीच्या गटारीकडे काढला आणि घरोघर सांगून आल्या की लिंबोणीला थेंबभर पाणी घालायचं नाही. लोकांनी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं ही या गल्लीत दोन वेगळी कामं आहेत.

पहिल्या आठवड्यात लखननं झाडाखाली मोटार धुतली. “सवयीनं,” म्हणाला. मोटार घेऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. उज्ज्वलानं भाताचं धुवण टाकलं. विचारलं तर म्हणाली, “आत्या, ते पाणी न्हाई, धुवण हाय.” साखराबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या दिवसापासून झाडाखालीच खाट टाकली.

अंगणात त्या वर्षी पाहुणेही होते. ज्ञानोबांचा मुलगा आणि सून बबिता दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्यावर जातात, ते होळीच्या सुमाराला परत येतात. बबिताला झाडांचं वेड. एक तुळस, दोन गुलाब, एक कोरफड, सगळं तेलाच्या डब्यांत. मागच्या साली सासऱ्यांच्या भरवशावर ठेवून गेली, तर शेळ्यांनी कोरफड सोडून सगळं खाल्लं. ज्ञानोबांचा जन्म मेंढरामागं गेलेला. त्यांच्या मते तुळस शेळीनं खाल्ली तर ती वाया गेली असं म्हणता येत नाही. म्हणून या खेपेला बबितानं डबे साखराबाईंच्या अंगणात आणून ठेवले. रोज सकाळी, उसाची पहिली मोळी बांधून झाली की ती फडातून व्हिडिओ कॉल करायची आणि साखराबाई फोन एकेका डब्यापुढे धरायच्या.

“मावशी, तुळशीला पाणी घातलं?”

“परवा घातलंय.”

“परवा? रोज घाला की वो!”

“थंडीत रोज घातलं तर मुळ्या कुजतेत तिच्या. माती हाताला कोरडी लागली की घालायचं. तू ऊस तोड, मी बघते.”

“बरं. गुलाब दाखवा. कळी हाय का? आणि मागं ते काय हाय, मावशी? फोन वर करा जरा. अगं बाई, तुमची लिंबोणी! पानं बघा कशी वळलीत!”

“वळू दे. मीच पाणी तोडलंय.”

“आमच्या झाडांपायी तुमचं झाड मारायलाव व्हय?”

“अगं, तसं न्हाई—”

“मावशी, मला वाईट वाटायलंय.” फडात कोणीतरी बबिताला हाक मारली आणि फोन बंद झाला.

साखराबाईंना बरं वाटलं. पानं वळली म्हणजे ताण बसू लागला.

पण पुढच्या आठवड्यात पानं सरळ झाली. थंडी वाढली, ऊन कोरडं, पाण्याचा थेंब नाही, आणि लिंबोणी तकतकीत. साखराबाई रोज बुंध्याशी बसून माती चिमटीत घ्यायच्या. वर धूळ. अठ्ठावीस वर्षांत असं झाड पाहिलं नव्हतं. चार दिवस त्यांनी झाडाची निंदा केली. पाचव्या दिवशी खुरपं घेतलं आणि वीतभर खणलं. वर धूळ, खाली चिखल.

लखनची सुटी होती. “भूजल पातळी वाढली असंल, माय,” तो म्हणाला.

“तुझी वाढली असंल.”

बाजाराचा दिवस आला. साखराबाई दर बाजाराला दुपारी एक वाजता पिशवी घेऊन निघतात, हे गल्लीला घड्याळासारखं पाठ. त्या तशाच निघाल्या, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेल्या आणि मागच्या बोळानं परत येऊन न्हाणीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. दहा मिनिटांत फाटक वाजलं. ज्ञानोबा आले. दोन्ही हातांत बादल्या. बुंध्याशी त्यांनी सावकाश, आवाज न करता, दोन्ही रिकाम्या केल्या. पाणी मुरेपर्यंत उकिडवे बसले. मग धोतराच्या ओच्यातून कोरडी माती काढली आणि पिठी पेरावी तशी ओल्यावर भुरभुरली. वरून दोन वाळकी पानंही मांडली.

“दोन पानं कमी पडली,” साखराबाई मागून म्हणाल्या.

ज्ञानोबा सत्तर ओलांडलेले. जागच्या जागी उडाले.

“आक्का! तुमी बाजारला गेलतात ना?”

“गेलते. आले. कावून घालता पाणी?”

“सुनेचा फोन येतोय रोज. म्हणती, मामा, मावशी आपली झाडं सांभाळतेत अन् त्यांचं झाड मरायलंय, दोन बादल्या टाका. दुपारी टाका, त्या निजल्या की टाका. मी काय करू? तुमी आमची तुळस जगवायची अन् आमी तुमची लिंबोणी मरू द्यायची व्हय? हे काय माणसाचं वागणं झालं?”

साखराबाई खाटेवर बसल्या. तीन आठवडे गेले होते. सगळा ताण पाण्यात. आता पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं, तर जमीन मुरमाड म्हणून पंचवीस दिवसांत काम भागलं तरी जानेवारीची वीस-बावीस तारीख उजाडणार. त्यानंतर फूल यायला पंधरा-वीस दिवस. आणि गवंडी उंबऱ्यावर. एकाही बादलीला आता जागा नव्हती.

नऊ साहेबांना समजावलं ते सगळं त्यांनी ज्ञानोबांना सांगून पाहिलं. मुळ्या, बहर, अन्नसाठा. ज्ञानोबा ऐकत होते आणि मधेच म्हणत होते, “पर मुकं झाड हाय ना, आक्का.” साखराबाईंचा आवाज चढत गेला. फाटकाबाहेर काळी शेळी मोटारीवर चढून तमाशा बघत होती. पोट दोन्हीकडून फुगलेलं. साखराबाईंची नजर त्या पोटावर थांबली.

“ती कवा विणार?”

“ही? महिना-सव्वा महिना हाय.”

“दूध काढता का तिचं?”

“आता? खुळ्या झालाव का? आटवली की तिला.”

“कशी आटवली?”

“कशी म्हंजे? खुराक तोडला, पाणी बी हात राखून दिलं, धार काढायची बंद केली. चार-आठ दिसांत आटती.”

“ओरडली न्हाई?”

“लई ओरडली. कास ठणकती ना.”

“मग दया न्हाई आली?”

“दया करून धार काढली तर पोटातल्या पिलाला काय उरंल?” ज्ञानोबा म्हणाले, आणि लिंबोणीकडं बघितलं. मग शेळीकडं. मग पुन्हा लिंबोणीकडं. “हे तसं हाय व्हय?”

“तसंच हाय.”

“मग आधी कावून न्हाई सांगितलं?”

“सात तारखेपासून मी काय सांगायले मग?”

“तुमी म्हणलाव पाणी घालू नका. झाड आटवायलेव असं कुठं म्हणलाव?” ज्ञानोबांनी बादल्या उचलल्या. ते चांगलेच रागावले होते.

त्या दिवसापासून लिंबोणीला राखण्या मिळाला. ज्ञानोबा काठी घेऊन भिंतीपलीकडे बसायचे. नळाच्या दिवशी शिळं पाणी घेऊन येणाऱ्यांना ते फाटकातूनच परत लावत. उज्ज्वलानं एकदा झाडाखाली चूळ भरली, तर पलीकडून आवाज आला, “ए पोरी! गाभण झाड हाय!” उज्ज्वला आत येऊन म्हणाली, “आत्या, आता चूळ भरायला बी मामांना विचारायचं का?” साखराबाई म्हणाल्या, विचारलेलं बरं.

पानं वळली. पिवळी पडली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गळायला लागली आणि संक्रांतीपर्यंत लिंबोणी म्हणजे काट्यांचा भारा झाला. येणारेजाणारे हळहळू लागले. लखननं गवंड्याला फोन करून तारीख तेवढी पक्की केली. बबितानं फोनवर बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. “मामांनी बी दगा दिला,” म्हणाली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं.

गल्लीत आनंदाचं उधाण. पागोळ्यांखाली घमेली, टिपाडं, पातेली लागली. आष्टीत हिवाळ्यात फुकट पाणी येणार म्हणून लोक दारात उभे, आणि साखराबाई अंगणात गोल फिरत होत्या. ताण अजून आठवडाभर हवा होता. घरात ताडपत्री नव्हती. ज्ञानोबांची ताडपत्री सुनेबरोबर कारखान्यावर, खोपीवर. पहिला थेंब साखराबाईंच्या नाकावर पडला तेव्हा दोघांची नजर एकाच जागी गेली.

संध्याकाळी लखन शाळेतून आला. मोटार गल्लीत उघडी, पावसात स्वच्छ निघत होती. तिचं झाकण अंगणात, लिंबोणीच्या बुंध्याभोवती दोन तुकड्यांत अंथरलेलं. कडांवर दगड. झाकणाला मधोमध कापून बुंधा आत घेतला होता. एका बाजूला त्याची आई आणि दुसऱ्या बाजूला ज्ञानोबा, डोक्यावर पोतं घेऊन, झाकणावर साचलेलं पाणी ताटलीनं उपसून बाहेर फेकत होते.

“जिल्ह्यात टँकर लागतेत,” लखन म्हणाला, “अन् तुमी पाऊस बाहेर काढायलाव.”

“दारात उभा राहू नको,” साखराबाई म्हणाल्या. “ताटली घे.”

बावीस जानेवारीला पाणी द्यायचं ठरलं. अर्थात त्याच आठवड्यात पाणीपुरवठ्याची मोटर जळाली. नळ दहा दिवस कोरडा. पावसाचं भरलेलं धुण्याभांड्यांत संपलं. साखराबाईंच्या घरात प्यायचा एक हंडा उरला. दीड महिना ज्या झाडावर पाणी पडू नये म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं, त्याला द्यायला आता घरात बादलीभर पाणी नव्हतं. त्यांनी कोणाला शिव्या द्याव्यात हे त्यांना ठरवता येईना, म्हणून सगळ्यांना दिल्या.

भिंतीवरून ज्ञानोबांनी डोकं काढलं. “आक्का, तीन टिपाडं हायत.”

“कुठली?”

“लोकांचं शिळं पाणी. मी परत लावायचो ना त्यांना, त्यातलं काही माझ्याच दारातल्या टिपाडात ओतायचे. मला टाकवंना. शिळं हाय पर.”

“झाडाला शिळं न् ताजं काय करायचंय?” साखराबाई म्हणाल्या. त्या बादल्या आणायला वळल्या.

पहिलं पाणी हलकं, नुसतं ओठ ओले करण्यापुरतं. त्याला आंबवणी म्हणतात. ज्ञानोबांना ते चिक्कूपणाचं वाटलं, पण शेळी आटवणारा माणूस, गप्प बसले. पाच दिवसांनी दुसरं, जरा सढळ.

फेब्रुवारीच्या बारा तारखेला हनुमान गवंडी फीत घेऊन आला. अंगणाची लांबी घेतली, रुंदी घेतली. “हे कवा काढायचं?” त्यानं लिंबोणीकडं बघून विचारलं. लखननं आईकडं बघितलं. साखराबाई तुळशीच्या डब्यातली माती चिमटीत घेऊन बघत होत्या. शब्द काढायचा नाही असं ठरलं होतं.

लखन झाडाजवळ गेला. फांदी वाकवली, काटा लागला, बोट चोखलं. मग चष्मा पुसला.

“माय, हे काय हाय?”

“तू शिकलेला हायस. तूच सांग.”

काट्यांच्या बगलेत जांभळट टिंबं होती. एक, तीन, मग मोजता येईनात इतकी. लखन सरळ उभा राहिला. मग शिक्षकाच्या आवाजात म्हणाला, “ठरलं होतं फूल. ह्या कळ्या हायत.”

साखराबाईंनी तुळशीचा डबा खाली ठेवला. “हनुमान,” त्या म्हणाल्या, “चार दिवस बस. उज्ज्वला तुला च्या देईल. सरांना फूल बघायचंय.”

हनुमान बसला नाही, पण चार दिवसांनी आला. तोवर वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. कोबा झाला, लिंबोणीभोवती चार हात गोल मोकळा सोडून. उरलेल्या जागेत मोटार शिरत नाही. ती गल्लीतच उभी असते, आणि झाकण कापलं गेल्यामुळे काळी शेळी आता दोन पिलांसह थेट बॉनेटवर बसते.

एवढ्यावर साखराबाईंना सुख लागायला हरकत नव्हती. पण फूल धरल्यावर झाडाला बेतानं, नेमानं पाणी द्यावं लागतं, नाही तर धरलेलं गळून जातं. आणि ज्ञानोबा अजून भिंतीपलीकडे काठी घेऊन बसतात. उज्ज्वला तांब्या घेऊन निघाली तरी त्यांची काठी वाजते. साखराबाईंनी तीनदा समजावून सांगितलं की आता घालायचं असतं. ज्ञानोबा मान हलवतात आणि म्हणतात, “आक्का, तुमची मायेची जात. तुमच्यानं राहवत न्हाई. झाडाचं मला कळतंय.”

म्हणून हल्ली दर बाजाराला, ज्ञानोबा पिशवी घेऊन गिरणीचा कोपरा वळले की साखराबाई दोन बादल्या घेऊन अंगणात येतात. सावकाश, आवाज न करता ओततात. पाणी मुरेपर्यंत उकिडव्या बसतात. मग पदरातून कोरडी माती काढून वर भुरभुरतात, आणि तोंडातल्या तोंडात ज्ञानोबांना जे म्हणतात ते झाडाला ऐकू जाईल इतकंच मोठं असतं.